ऑक्सिजन सेन्सरच्या नोंदींचे वाचन : मोटारीच्या उत्सर्जन-निदानातील एक दुर्लक्षित बाजू

प्रस्तावना :

भारत स्टेज ४ हे उत्सर्जन-मानक २०१० मध्ये मुंबई, पुणे व सोलापूर यांसह १३ शहरांत लागू झाले आणि १ एप्रिल २०१७ पासून ते देशभर बंधनकारक ठरले. त्यानंतर १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ अस्तित्वात आले. या मानकांमुळे पेट्रोल मोटारीच्या दुरुस्तीचे स्वरूपच पालटले. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून व आवाज ऐकून मिश्रण ठरविणारा मिस्त्री आता स्कॅनरच्या पडद्यावरील आकडे वाचतो. मुरगूडसारख्या निमशहरी गावातील वाहनधारकास याचा अनुभव बहुधा एकाच प्रसंगी येतो. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, स्कॅनर 'मिश्रण पातळ' असा संकेत देतो आणि ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. काही दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो. असे का घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सेन्सर नेमके काय मोजतो :

येथे एक मूलभूत गैरसमज आढळतो. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. तो जळून बाहेर पडलेल्या वायूतील ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतील ऑक्सिजन यांच्या प्रमाणातील फरक विद्युतदाबाच्या रूपाने दाखवितो. झिर्कोनिया या चिनीमातीसदृश पदार्थातून सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर ऑक्सिजनचे आयन वाहू लागतात, या गुणधर्मावर त्याचे कार्य आधारलेले आहे. बॉश कंपनीने विकसित केलेला असा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वो मोटारींत प्रथम बसविण्यात आला. मिश्रणात पेट्रोल अधिक असेल, म्हणजे मिश्रण घट्ट असेल, तर दाब ०.९ व्होल्टच्या आसपास जातो. मिश्रण पातळ असेल तर तो ०.१ व्होल्टपर्यंत उतरतो. मधली सीमा ०.४५ व्होल्ट मानली जाते. इंजिन गरम झाल्यावर पुढील सेन्सरची नोंद या दोन टोकांमध्ये सतत झुलत राहते. हे झुलणे निरोगीपणाचे लक्षण आहे, बिघाडाचे नव्हे.

या नोंदीवरून इंजिनाचा संगणक इंधन वाढवितो किंवा घटवितो. ही वाढ-घट 'फ्युएल ट्रिम' या नावाने टक्केवारीत दिसते. तिचे तात्कालिक व दीर्घकालीन असे दोन प्रकार असून दोहोंची बेरीज पाहावी लागते. तात्कालिक ट्रिम शून्याजवळ आणि दीर्घकालीन ट्रिम अधिक १८ टक्के असेल, तर सेन्सरची नोंद वरकरणी निर्दोष दिसेल, कारण संगणकाने दोष आधीच झाकलेला असतो. केवळ व्होल्टेज पाहणारा मिस्त्री येथेच फसतो.

पातळ नोंद, पण काळा प्लग :

निदानातील सर्वांत बोधप्रद प्रसंग विसंगतीचा असतो. समजा, स्कॅनर मिश्रण पातळ असल्याचे सांगतो, पण प्लग काढून पाहिला तर तो काजळीने काळा झालेला आहे आणि गाडी पेट्रोलही अधिक खाते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट पाइपाला तडा गेला असेल किंवा मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले असेल, तर वायूच्या स्पंदनांबरोबर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला हा परका ऑक्सिजन दिसतो. संगणक त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवीत जातो आणि मिश्रण प्रत्यक्षात घट्ट होते. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नसेल तेव्हाही असेच होते. तेथील न जळलेले पेट्रोल सेन्सर मोजत नाही, परंतु न वापरलेला ऑक्सिजन मात्र मोजतो. अशा वेळी नवा सेन्सरही जुन्याचीच साक्ष देईल.

याउलट खरोखरीच पातळ मिश्रणाचे कारण ट्रिम केव्हा वाढते यावरून शोधता येते. इंजिन मंद गतीत असताना ट्रिम फार वाढलेला आणि २५०० फेऱ्यांवर तो उतरलेला असेल, तर इनटेक मॅनिफोल्डच्या एखाद्या नळीतून हवेची गळती असण्याचा संभव अधिक असतो. ही गळती ठरावीक असल्याने वाढत्या हवेत तिचे प्रमाण नगण्य होते. मंद गतीत सर्व ठीक, पण चढावर भार येताच ट्रिम वाढतो, असे असेल तर पंपाचा दाब, तुंबलेला फिल्टर किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरवरील धूळ यांचा शोध घ्यावा. उसाच्या हंगामात धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत शेवटची शक्यता दुर्लक्षू नये.

सेन्सर स्वतः दोषी आहे की नाही, हे ठरविण्याची साधी कसोटी आहे. इंजिन गरम असताना अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबून सोडावा. दाबताच नोंद ०.८ व्होल्टच्या वर गेली पाहिजे आणि सोडताच इंधन बंद झाल्याने जवळजवळ शून्यावर आली पाहिजे. दोन्ही बाजूंना ती वेगाने जात असेल, तर सेन्सर खरे बोलतो आहे. दोष अन्यत्र आहे. ती आळसावलेली असेल, तर सेन्सरचा हीटर तपासावा. तो ठीक असेल, तर सिलिकॉनचे सीलंट किंवा जळणारे इंजिन ऑइल यांचा थर सेन्सरवर बसला असण्याचा विचार करावा. अलीकडील अनेक मोटारींतील रुंद पट्ट्याचा सेन्सर मात्र या मोजपट्टीत बसत नाही. त्याची नोंद विद्युतप्रवाहाच्या किंवा लॅम्डाच्या रूपात वाचतात, आणि लॅम्डा १ पेक्षा अधिक म्हणजे मिश्रण पातळ.

मागील सेन्सर व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर :

कन्व्हर्टरच्या पलीकडील सेन्सरचे काम निराळे आहे. कन्व्हर्टरमधील सिरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवून ठेवतो, म्हणून मागील नोंद ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास स्थिर राहावी. ती पुढील नोंदीची नक्कल करू लागली की 'पी ०४२०' हा संकेत उमटतो. प्लॅटिनम, पॅलॅडियम व रोडियम वापरलेला हा भाग अत्यंत महाग असतो. म्हणून तो बदलण्यापूर्वी पाइपाची गळती आणि मिसफायर यांची शहानिशा होणे मालकाच्या खिशाच्या दृष्टीने अगत्याचे आहे. येथे पीयूसी केंद्रातील वायू-विश्लेषकही उपयोगी पडतो. भारत स्टेज ४ व त्यापुढील पेट्रोल मोटारींसाठी वाढीव गतीवर लॅम्डा ०.९७ ते १.०३ आणि कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांपर्यंत अपेक्षित असतो. पीयूसीची पावती बहुतेक वेळा काचेवर चिकटवून विसरली जाते. वस्तुतः ती निदानाचा कागद आहे.

इथेनॉलचा प्रश्न :

वेदगंगेच्या काठचा ऊस या चर्चेत अनपेक्षितपणे शिरतो. उसापासून इथेनॉल तयार होते आणि इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९ किलो. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी हे प्रमाण सुमारे १३.५ होते, १० टक्के मिश्रणासाठी १४.१. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने विक्रीस आले. १० टक्के मिश्रण गृहीत धरून बांधलेल्या मोटारीत ते भरले, तर तेवढ्याच हवेसाठी सुमारे ४ टक्के अधिक इंधन सोडावे लागते. सेन्सर ऑक्सिजन मोजत असल्याने इंधन कोणतेही असो, त्याचा ०.४५ व्होल्टचा मध्यबिंदू बदलत नाही. बदलतो तो ट्रिम. जुन्या मोटारीत दीर्घकालीन ट्रिम अधिक ४ किंवा ५ टक्के दिसला, तर तो बिघाड नसून इंधनाचा परिणाम असू शकतो. मात्र तेवढी मोकळीक आधीच खर्च झाल्यामुळे एरवी खपून गेलेली किरकोळ हवेची गळती आता दिवा लावू शकते. गळती बुजविली की दिवा जातो, इंधन बदलावे लागत नाही.

एका व्यवहाराची नोंद येथे आवश्यक आहे. अनेक ठिकाणी स्कॅनर लावताच प्रथम संकेत पुसला जातो. त्यासरशी दोष घडल्या क्षणीचे इंजिनाचे तापमान, गती, भार व ट्रिम यांची साठविलेली नोंदही पुसली जाते आणि अनेक मोटारींत शिकलेला दीर्घकालीन ट्रिम शून्यावर येतो. तो पुन्हा स्थिर होण्यास गाडी बरीच चालवावी लागते. तोवर स्कॅनरवरील आकडे निर्दोष दिसतात आणि गाडी दुरुस्त झाली असे समजून ग्राहक घरी जातो. हे आकडे संकेत पुसण्यापूर्वी वहीत उतरवून घेण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.