सह्याद्री ते माळरान : अहिल्यानगर जिल्हा

क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर. राज्यात सर्वांत मोठा. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्री, तिथेच नाशिकच्या सीमेवर महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर). घाटघर-रतनवाडीला पाऊस झोडपून काढतो. पूर्वेकडे जाईपर्यंत ढग रिते होतात. म्हणून कर्जत, जामखेड, पाथर्डी पर्जन्यछायेत. कर्जतजवळ रेहेकुरीच्या गवताळ माळावर काळवीट दिसतात.

प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ चं. मेअखेरीस, पहिल्या सरींच्या सुमारास, त्या परिसरातले हिरडे, सादडे, उंबर काजव्यांनी लखलखतात. हे एकदा तरी पाहावंच. मात्र टॉर्च आणि गाडीचे दिवे बंद ठेवा. काजव्यांना जोडीदार प्रकाशाच्या खुणेवरूनच सापडतो. याच परिसरातली साम्रद गावाजवळची सांदण दरी मात्र पावसाळ्यात टाळा, चिंचोळ्या घळीत पाणी अचानक चढतं.