उभ्या गाडीचं उघडलेलं दार
सायकल, मोटार आणि कायदा : लेखांक 9

भरपाईची रक्कम कशी काढतात, ते वयाचं आणि गुणकाचं कोष्टक आज उलगडायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. कोल्हापूरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे आणि त्याचं उत्तर थांबवून ठेवण्यासारखं नाही.

पत्रलेखक निवृत्त शिक्षक. सकाळी सायकलवरून भाजी आणायला निघाले होते. रस्त्याच्या डाव्या कडेला एक मोटार उभी होती. ते तिच्या बाजूने जात असताना चालकाचं दार एकाएकी उघडलं. हँडल दारात अडकलं, सर उजव्या अंगावर आपटले आणि मनगटाचं हाड मोडलं. गाडीवाल्याने त्यांना दवाखान्यात नेलं, दोन हजार रुपये हातावर ठेवले आणि म्हणाला, "काका, गाडी तर उभी होती, तुम्हीच येऊन धडकलात. दाराला पोचा आलाय, पण त्याचे पैसे मी मागत नाही." पोलीस चौकीतही त्यांना हेच ऐकावं लागलं. सरांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : उभी गाडी अपघात करू शकते का?

करू शकते. कायद्याचं उत्तर याबाबतीत स्वच्छ आहे, आणि ते मिळालं आहे आपल्याच भागातल्या एका भीषण दुर्घटनेतून.

29 ऑक्टोबर 1987. पेट्रोलचा टँकर पुण्याकडून बंगळूरच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 4 वरून चालला होता. पहाटे तीनच्या सुमारास समोरून आलेल्या ट्रकशी त्याची टक्कर झाली. टँकर रस्ता सोडून बाजूला कलंडला आणि पेट्रोल गळू लागलं. उजाडल्यावर आसपासची माणसं तिथे जमली. सकाळी सव्वासातच्या सुमारास स्फोट होऊन आग भडकली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यांतल्या एका तरुणाच्या आईने भरपाई मागितली. समोरून बचाव आला तो असा : टँकर चार तास नुसता पडून होता, तो कोणी चालवत नव्हतं, मग हा मोटारीच्या वापरातून झालेला अपघात कसा? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जुलै 1991 मध्ये निकाल लागला. गाडी चालू असेल तेव्हाच ती वापरात असते, हे म्हणणं न्यायालयाने फेटाळलं. गाडी थांबलेली असो, बिघाडाने बंद पडलेली असो की अपघाताने निकामी झालेली असो, ती वापरातच धरायची. आणि अपघाताचं तात्कालिक कारण वेगळं दिसलं, तरी त्याचा त्या वापराशी खरा संबंध असेल, तर भरपाईचा हक्क उभा राहतो.

सर्वोच्च न्यायालयापुढचा वाद होता तो निव्वळ 15,000 रुपयांचा. 1939 च्या जुन्या कायद्यात चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल तेवढीच रक्कम मिळत असे. तेवढ्यासाठी ती बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकून राहिली आणि देशभरातल्या पादचाऱ्यांना, सायकलस्वारांना एक भक्कम आधार मिळाला. सायकलच्या अपघातांची प्रकरणं हाताळताना मी या निकालाकडे वारंवार वळतो, ते याच कारणाने.

आता हा निकाल सरांच्या प्रकरणाला लावू. माणूस गाडी लावतो, इंजिन बंद करतो आणि उतरण्यासाठी दार उघडतो. गाडीतून उतरणं हा गाडीच्या वापराचाच भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 165 प्रमाणे गाडीच्या वापरातून उद्भवलेल्या अपघातांचे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातात. कलम 147 प्रमाणे सक्तीच्या विम्यातही तिऱ्हाइताच्या मृत्यूची आणि इजेची जबाबदारी गाडीच्या वापराशीच बांधलेली आहे. सायकलवाला हा तिऱ्हाईत, म्हणजे आपण बोलताना ज्याला थर्ड पार्टी म्हणतो तो. त्याच्या सायकलचा विमा नाही, त्याच्याकडे परवाना नाही, याने काही फरक पडत नाही, हे आपण पहिल्या लेखांकांत पाहिलंच आहे.

पण दार चालकाने न उघडता प्रवाशाने उघडलं तर? सिग्नलला गाड्या खोळंबलेल्या असतात. मागे बसलेली व्यक्ती "मी इथेच उतरते" म्हणते आणि डावीकडचं दार उघडते. तेवढ्यात गाडी आणि पदपथ यांच्यामधल्या फटीतून एखादा सायकलवाला येतो. इथे निष्काळजीपणा त्या प्रवाशाचा आहेच. पण भर रस्त्यात, पदपथापासून दूर गाडी थांबवून माणूस उतरू देणाऱ्या चालकानेही मागे पाहायला हवं होतं. धोका निर्माण होईल अशा जागी वाहन थांबवून ठेवू नये, असं कलम 122 सांगतं. म्हणून दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही प्रतिवादी करावं आणि प्रवाशाचं नाव कळलं असेल तर तेही घालावं. "दार मी उघडलं नाही" एवढं म्हणून चालक सुटत नाही.

फौजदारी बाजूलाही एक बारकावा आहे. भरधाव, बेदरकार वाहन चालवण्याचं कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं 281. ते वाहन चालवणाऱ्याला लागतं. चौकीतला अंमलदार "गाडी चालतच नव्हती" म्हणतो, तेव्हा त्याच्या डोक्यात हेच कलम असतं. पण त्याच संहितेचं कलम 125 वाहनापुरतं मर्यादित नाही. दुसऱ्याच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका पोहोचेल अशी कोणतीही निष्काळजी कृती त्यात बसते, आणि तिच्यामुळे गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मागे न पाहता दार उघडणं ही कृतीच आहे, मग ती चालकाची असो की प्रवाशाची. तक्रार लिहिताना 125 चा उल्लेख जरूर करावा. चौकीत तक्रार घेतलीच नाही, तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येते, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आणि फिर्याद उशिरा झाली एवढ्या कारणावरून भरपाईचा दावा फेटाळायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली बजावलं आहे. जखमी माणूस आधी दवाखाना गाठतो, हे न्यायालयांनाही कळतं.

सरांच्या मनगटाकडे वळू. फ्रॅक्चर ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. हाड मोडणं, सांधा निखळणं, दात पडणं हे सगळं त्या व्याख्येत येतं. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या, मोटार वाहन कायद्याच्या नव्या कलम 164 प्रमाणे गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख आणि मृत्यूबद्दल पाच लाख रुपये मिळतात, आणि त्यासाठी कोणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. दाराच्या अपघातात हे कलम फार उपयोगी पडतं. दार आधीपासून उघडं होतं की अचानक उघडलं, ते कोणी उघडलं, सायकल किती वेगात होती, या वादांत शिरावंच लागत नाही. दोन हजार आणि अडीच लाख, या दोन आकड्यांतलं अंतर सरांनी लक्षात घ्यावं.

मात्र इथे एक इशारा देतो. विमा कंपनीशी तडजोड करून कलम 164 ची ठरलेली रक्कम स्वीकारली, की गाडीवाल्याच्या चुकीवर आधारलेला कलम 166 चा मोठा दावा संपतो. मनगट पूर्ववत होणार असेल तर 164 चा मार्ग सरळ आहे. पण हातात कायमचा अधूपणा राहणार असेल, त्या हातावर रोजीरोटी असेल, तर सही करण्याआधी हाडांच्या डॉक्टरांकडून अपंगत्वाची टक्केवारी लिहून घ्या आणि मगच ठरवा.

कलम 166 कडे गेलात, की विमा कंपनीचा वकील तुमच्याही चुका शोधणार. अंशदायी निष्काळजीपणावर, म्हणजे जखमीच्याही चुकीच्या वाट्यावर, गेल्या आठवड्यात लिहिलं होतं, ते इथे कामी येतं. सायकलला घंटी नव्हती, दिवा नव्हता, कॅरियरवर पिशवी होती, असे मुद्दे हमखास निघतात. त्यावर उत्तर एकच : त्या उणिवेचा अपघाताशी संबंध काय? मोटारसायकलवर तिघे बसले होते, एवढ्यावरून भरपाईत कपात करता येणार नाही, त्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये म्हटलं. तोच न्याय सायकलला लावायचा. सकाळी दहाच्या उन्हात दिवा असता तरी दार उघडायचं थांबलं नसतं. उलट सायकल चुकीच्या दिशेने येत असेल, तर मात्र कपात होऊ शकते, कारण उतरणारा माणूस त्या बाजूने कोणी येईल असं धरून चालत नाही.

दाराच्या अपघातात माणूस दगावतो तो बहुधा दाराच्या धडकेने नाही. तो दारावर आपटून रस्त्याच्या मध्यावर फेकला जातो आणि मागून येणारी बस किंवा ट्रक त्याच्यावरून जातो. मग मोटारवाला बसकडे बोट दाखवतो आणि बसवाला मोटारीकडे. वारसांनी या भांडणात पडू नये. दोघांच्या निष्काळजीपणातून तिसऱ्याला इजा झाली असेल, तर त्या तिसऱ्याला दोघांकडून किंवा त्यांच्यातल्या कोणाही एकाकडून पूर्ण भरपाई वसूल करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केलं आहे. आपसातली वाटणी त्यांची त्यांनी करावी.

हे सगळं पुराव्यावर उभं राहतं, आणि दाराच्या अपघातात पुरावा क्षणात नाहीसा होतो. दार बंद केलं, की गाडी जणू काही घडलंच नाही अशी उभी दिसते. म्हणून दार उघडं असतानाच फोटो घ्या, स्वतःला उठता येत नसेल तर बघ्यांपैकी कोणाला तरी सांगा. पोचा आणि ओरखडा नेमका कुठे आहे, ते पाहा. बंद दाराला सायकल घासली तर ओरखडा बाहेरच्या पत्र्यावर लांबट उमटतो. दार वाटेत उघडलं असेल तर खूण दाराच्या उभ्या कडेवर किंवा आतल्या अस्तरावर असते, आणि धडक जोराची असेल तर दार बिजागरीत पुढे वाकून नीट बसेनासं होतं. ही गोष्ट पंचनाम्यात लिहून घेण्याचा आग्रह धरा. सरांच्या गाडीवाल्याने स्वतःच पोच्याचा उल्लेख केला आहे, तो पोचा कुठे होता यावर पुष्कळ काही ठरेल. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं, तेव्हा दुकानदाराला त्याच दिवशी गाठा. दवाखान्यात केस पेपरवर "सायकलवरून पडले" एवढंच लिहू देऊ नका, "उभ्या मोटारीचं दार लागून पडले" असं पूर्ण लिहून घ्या. त्या एका ओळीवर पुढे उलटतपासणी होते.

गाडीवाल्याने दवाखान्यात नेलं, हे त्याने चांगलंच केलं. पण कलम 134 प्रमाणे ते त्याचं कर्तव्यच होतं, आणि 24 तासांच्या आत पोलिसांना कळवणं हेही. दोन हजार घेतले म्हणून सरांचा हक्क बुडालेला नाही. त्यांनी कोणत्याही कागदावर सही केलेली नाही, हे फार बरं झालं. अर्जात त्या रकमेचा प्रामाणिकपणे उल्लेख करावा. रस्त्यावरच्या मांडवलीत फ्रॅक्चरचा हिशोब कधीच नीट होत नाही, कारण सूज उतरून एक्स-रे निघेपर्यंत दुखापत किती आहे हे कोणालाच ठाऊक नसतं.

आता मोटार चालवणाऱ्या वाचकांना एक विनंती. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि त्याचं दार रहदारीच्या बाजूला उघडतं. ते उजव्या हाताने उघडलं, तर अंग जागच्या जागी राहतं आणि नजर समोर. तेच डाव्या हाताने उघडून पाहा. हात अंगावरून पलीकडे न्यावा लागतो, खांदे आपोआप वळतात आणि मागून येणारा सायकलवाला डोळ्यांना दिसतो. नेदरलँड्समध्ये दूरच्या हाताने दार उघडण्याची ही सवय चालकांच्या अंगवळणी पडलेली आहे. ब्रिटनने जानेवारी 2022 मध्ये आपल्या हायवे कोडच्या नियम 239 मध्ये ती घातली, आणि तिथे दार उघडून कोणाला इजा किंवा धोका पोहोचवणं हा स्वतंत्र गुन्हाही आहे. आपल्या शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत आणि मोटार ट्रेनिंग स्कूलच्या पहिल्या धड्यात ही गोष्ट यायला हवी. तोवर निदान मुलांना गाडीतून उतरवताना "आधी मागे बघ" एवढं सांगा.

सायकलवाल्यांनी उभ्या गाड्यांच्या रांगेपासून एका दाराचं अंतर, म्हणजे साधारण मीटरभर, सोडून जावं. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू दे.

सर, तुमचा अपघात सप्टेंबरमधला आहे. कलम 166 चा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. अर्ज तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो, त्यामुळे दूर जायची गरज नाही. एक्स-रे, केस पेपर, गाडीचा नंबर आणि तो पोचा कुठे होता याची आठवण, एवढं घेऊन या आठवड्यातच वकिलांकडे जा. गुणकाचं कोष्टक पुढच्या लेखांकात नक्की.