पेटीच्या पत्तीपासून अंगठ्यापर्यंत

आवाज बसला की आपण मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो, हळद घातलेलं दूध घेतो आणि चार दिवस वाट बघतो. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. पण तीन आठवडे उलटले तरी घोगरेपणा हटत नसेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना घसा दाखवायलाच हवा. तंबाखू-बिडीची सवय असेल तर नक्कीच. स्वरतंतूवरचा कर्करोग स्वतःच स्वतःची चहाडी करतो!

पुरुषाचा स्वरतंतू जेमतेम दोन सेंटिमीटर लांब. बोलताना दोन्ही तंतू सेकंदाला शंभराहून अधिक वेळा एकमेकांना भिडतात, बायकांमध्ये दोनशेच्या आसपास. इतक्या नाजूक कामात बाजरीच्या दाण्याएवढी गाठसुद्धा सूर बिघडवते. शिवाय या तंतूंच्या कडेला लसीकावाहिन्या जवळपास नसतातच. म्हणजे रोग ज्या वाटेनं मानेतल्या गाठींपर्यंत पोहोचतो, ती वाटच इथे अरुंद. शरीरानं ही सोय करून ठेवली आहे, याचं मला दर वेळी नव्यानं नवल वाटतं.

म्हणूनच सुरुवातीच्या गाठीवर रेडिएशन द्या किंवा लेझरनं ती काढा, दहातले नऊ जण या रोगातून सुटतात. लेझरला बहुधा एकच दिवस लागतो: भूल देऊन, तोंडातून नळी घालून, सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कापली जाते. मात्र तंतूचा जितका खोल भाग जाईल, तितका आवाज हवा गळाल्यासारखा होतो. रेडिएशनला (पेशंटच्या भाषेत ‘लाइट’ला) आठवड्यातले पाच दिवस, साडेपाच ते सात आठवडे जावं लागतं. चेहरा आणि मान हलू नये म्हणून प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा बसवतात. घसा सोलवटतो, पण तंतू शाबूत राहतो. एक गोष्ट मात्र निर्णयाआधी विचारून घ्यावी. त्याच जागी पूर्ण मात्रेचं रेडिएशन सहसा दुसऱ्यांदा देता येत नाही. लेझर पुन्हा करता येतो आणि रेडिएशनचं हुकमाचं पान हातात राहतं.

गाठ वाढलेली असेल तर गोष्ट वेगळी. ३१ डिसेंबर १८७३ला व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगासाठी पहिल्यांदा अख्खं स्वरयंत्र काढलं. त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबावर यांनी त्या रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्र बनवलं. त्यात कंप पावणारी एक पत्ती होती, आपल्या पेटीत असते तशी. पुढची शंभर वर्षं, वाढलेला रोग म्हणजे बहुतेकदा स्वरयंत्र गमावणं, हेच समीकरण राहिलं.

ते १९९१मध्ये हललं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ३३२ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचं स्वरयंत्र काढून मग रेडिएशन दिलं, दुसऱ्याला आधी केमोथेरपी आणि मग रेडिएशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांत ६८ टक्के जण हयात होते, आणि दुसऱ्या गटातल्या ६४ टक्के जणांचं स्वरयंत्र गळ्यात शाबूत होतं! पुढे २००३मध्ये दुसऱ्या एका अभ्यासानं दाखवलं, की केमो आणि रेडिएशन एकाच वेळी दिलं तर दोन वर्षांनी ८८ टक्के जणांचं स्वरयंत्र वाचतं.

तरीही ‘वाचलं’ हा शब्द मी जपून वापरते. गाठीनं कूर्चा भेदली असेल, घोटभर पाण्यानंही ठसका लागून ते फुफ्फुसात जात असेल, तर ते यंत्र नुसतं जागेवर असून काय उपयोग? अशा वेळी शस्त्रक्रियाच बहुतेकदा जास्त आयुष्य देते, आणि घास सुखानं गिळू देते.

त्यानंतर श्वास गळ्याच्या तळाशी केलेल्या छिद्रातून चालतो. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत सिलिकॉनची इवलीशी झडप बसवता येते, हवा एकाच दिशेनं सोडणारी. माणूस छिद्रावर अंगठा ठेवतो. फुफ्फुसातली हवा झडपेतून अन्ननलिकेत शिरते आणि तिथली भिंतच पेटीच्या पत्तीसारखी थरथरू लागते. जीभ आणि ओठ आपलं जुनं काम करतात. आवाज खरखरीत, पण शब्द त्याचेच. वाक्य संपलं की अंगठा उचलायचा, श्वास घ्यायचा, आणि पुन्हा अंगठा.