सफरचंदाच्या वड्या आणि पाण्याचा हिशेब

ऑगस्ट लागला की वाशीच्या घाऊक फळबाजारात हिमाचलच्या सफरचंदांच्या पेट्या उतरू लागतात. पाठोपाठ काश्मीरचा माल येतो आणि दिवाळीपर्यंत नेरूळ-बेलापूरच्या हातगाड्यांवर सफरचंदांचे ढीग दिसतात. मुंबईचा घाऊक फळबाजार 1996 मध्ये क्रॉफर्ड मार्केटमधून वाशीला आला, तेव्हापासून हा माल नवी मुंबईकरांच्या दाराशीच येतो. भाव उतरले की घरोघरच्या ओटीजीत अ‍ॅपल क्रम्बल बार भाजले जातात. खाली मैदा आणि लोण्याचा थर, मध्ये सफरचंद, वर त्याच पिठाचा रवाळ चुरा, आणि मग वड्या पाडायच्या.

मात्र सफरचंद स्वस्त होते तेव्हाच आपल्याकडची हवा सर्वात दमट असते आणि पाऊस सरताच ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो. त्यामुळे थंड देशात बेतलेली कृती जशीच्या तशी पाळूनही खालचा थर ओला राहतो, चुरा वितळून सपाट होतो आणि उरलेल्या वड्या दुसऱ्या दिवशी सादळतात. या तक्रारींच्या मुळाशी मुख्यतः पाणी आहे. ते कुठून येते आणि त्याला कुठे अडवायचे, एवढे समजले तर या वड्या नवी मुंबईतही उत्तम होतात.

मोहनाचे काम

मैद्यात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिने असतात. पाणी मिळाले आणि मळणे झाले की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे चिवट जाळे तयार करतात. इटलीतील बोलोन्याच्या बेक्कारी यांनी 1728 मध्ये कणीक पाण्याखाली धुऊन हे जाळे वेगळे काढले. आजही कोणाला ते करून पाहता येईल. मैद्याचा घट्ट उंडा नळाखाली चोळत राहा. पांढरे स्टार्च वाहून जाते आणि हातात रबरासारखा करडा गोळा उरतो. पावाला हा गोळा हवा असतो, खुसखुशीत वडीला नको असतो.

तो टाळण्याचा उपाय महाराष्ट्राच्या स्वयंपाकघराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. करंजी किंवा शंकरपाळीच्या पिठाला आधी मोहन चोळायचे आणि मूठ वळली की मगच पाणी किंवा दूध घालायचे. मैद्याच्या कणांवर स्निग्धाचा लेप बसला की पाणी प्रथिनांपर्यंत सहज पोचत नाही आणि जाळे तोकडे राहते. क्रम्बलमध्ये बोटांच्या टोकांनी मैद्यात लोणी चोळतात ते याच कारणासाठी. मूठ वळली पाहिजे आणि अंगठ्याने दाबताच ती फुटली पाहिजे, ही आपली खूण इथेही तितकीच खरी ठरते.

फरक लोण्याच्या स्वभावात आहे. विकतच्या लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्ध पदार्थ आणि 16 टक्के पाणी असते. हे पाणी सूक्ष्म थेंबांच्या रूपाने घट्ट स्निग्धात अडकलेले असते. लोण्यातील स्निग्ध पदार्थ हळूहळू मऊ होत 32 ते 35 अंश सेल्सिअसपर्यंत जवळजवळ पूर्ण वितळतात. ऑक्टोबरच्या दुपारी आपल्या ओट्यावरचे तापमानही त्याच घरात असते. लोणी चोळता चोळता वितळले तर अडकलेले पाणी मोकळे होते, मैदा ते पितो आणि चुऱ्याऐवजी चिकट गोळा तयार होतो. म्हणून चोळण्याचे काम सकाळी लवकर करावे, लोणी फ्रिजमधून थेट घ्यावे आणि तयार चुरा अर्धा तास पुन्हा फ्रिजमध्ये ठेवावा. थंड चुरा भट्टीत गेला की लोणी पसरण्याआधी त्याचा आकार धरला जातो.

साजूक तूपही चालते. त्यात पाणी जवळजवळ नसतेच, त्यामुळे चुरा अधिक खुसखुशीत होतो. पण तूप कढवताना दुधाची प्रथिने आणि साखर बेरीत राहून जातात, त्यामुळे रंग थोडा कमी येतो. चमचाभर दूध पावडर ती उणीव भरून काढते.

अर्धा किलोत किती पाणी?

आठ इंची चौकोनी टिनला साधारण 250 ग्रॅम मैदा आणि अर्धा किलो सोललेल्या फोडी लागतात. सफरचंदाचा जवळपास 85 टक्के भाग पाणी असतो. म्हणजे 250 ग्रॅम मैद्याच्या डोक्यावर आपण सुमारे 425 ग्रॅम पाणी ठेवत असतो. ते पेशींच्या आत बंद असते, पण उष्णतेने पेशींची आवरणे फाटली की बाहेर पडते. खालचा थर ओला राहतो तो या पाण्यामुळेच.

त्यात आपले सफरचंद गोड. 1870 च्या सुमारास इंग्रजांनी कुलूमध्ये लावलेल्या जाती आंबट होत्या आणि त्या इथल्या लोकांना फारशा रुचल्या नाहीत. हिमाचलातील कोटगढला स्थायिक झालेले अमेरिकन सॅम्युअल स्टोक्स, म्हणजे पुढचे सत्यानंद स्टोक्स, यांनी 1916 च्या सुमारास अमेरिकेतून रेड डेलिशिअस आणले आणि पुढे पहाडातल्या बागांचा चेहराच पालटला. हे फळ नुसते खायला गोड लागते, मात्र त्यात आम्ल कमी असते. शिजवताना हे महत्त्वाचे ठरते. फळाच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने जोडलेल्या असतात आणि आम्ल कमी असेल तर उष्णतेने पेक्टिन लवकर तुटते. मग फोडींचा लगदा होतो. हिरव्या, आंबट ग्रॅनी स्मिथच्या फोडी त्या मानाने आकार टिकवतात.

यावर लिंबू हा सोपा उपाय. एका लिंबाचा रस घातला की आम्लता वाढते, पेक्टिन टिकते आणि चिरलेल्या फोडी काळवंडत नाहीत, कारण काळवंडण्यामागचे एन्झाइम आंबट माध्यमात मंदावते. दुसरा उपाय धीराचा. फोडी साखर आणि लिंबू लावून अगदी मंद आचेवर, झाकण ठेवून दहा मिनिटे कोमट होऊ द्याव्यात. 60 अंशांच्या आसपास फळातलेच एक एन्झाइम जागे होते आणि पेक्टिनला असे बदलते की फळातल्या कॅल्शियमशी त्याची पक्की गाठ बसते. पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात ठेवतात, तीही याच कॅल्शियमसाठी.

मग झाकण काढून आच वाढवावी. साखरेने ओढून काढलेला रस आता आटवायचा. शेवटी थंड पाण्यात कालवलेले चमचाभर कॉर्नफ्लोअर घालून एक बुडबुडा येऊ द्यावा. स्टार्चचे कण 65 ते 75 अंशांच्या दरम्यान फुगतात आणि उरलेले पाणी धरून ठेवतात. मिश्रण पूर्ण गार झाल्यावरच थरावर पसरावे.

दालचिनी मात्र फोडींऐवजी चुऱ्यात घालावी. तिचा सुगंध देणारे सिनॅमाल्डिहाइड पाण्यापेक्षा स्निग्धात सहज विरघळते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘कोकण तेज’ जातीची पातळ सालीची दालचिनी मिळाली, तर जरूर वापरावी.

शंभर अंशांचा अडसर

भट्टी 180 अंशांवर असली तरी ओला पदार्थ 100 अंशांच्या फार वर जात नाही, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. भाजलेला रंग आणि वास देणारी मायार अभिक्रिया, जिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी 1912 मध्ये केले, ती वेगाने होते साधारण 140 अंशांच्या पुढे. म्हणून खालचा थर आधी एकटाच 15 मिनिटे, खालच्या रॅकवर भाजावा. त्यातले पाणी उडते, वरचा पृष्ठभाग घट्ट होतो आणि मगच त्यावर सफरचंद येते. नंतर चुरा पसरून आणखी 35 ते 40 मिनिटे. कडेला दाट रस बुडबुडताना दिसला आणि चुरा बदामी झाला की झाले. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये हा रंग येत नाही, कारण तिथे पाणीच तापते आणि पृष्ठभाग कोरडा पडत नाही.

वड्या पाडायच्या त्या पूर्ण गार झाल्यावरच. तोवर स्टार्च आणि लोणी पुन्हा घट्ट होतात. गरम वड्या डब्यात बंद केल्या तर त्यांचीच वाफ झाकणावर जमून पुन्हा चुऱ्यावर पडते. चुऱ्याचा कुरकुरीतपणा म्हणजे कोरड्या साखरेची आणि स्टार्चची काचेसारखी कडक अवस्था. थोडे पाणी शिरले की ती मऊ पडते आणि पावसाळ्यात इथली हवा ते पाणी सतत पुरवत असते. सादळलेल्या वड्या टाकून देऊ नयेत. 150 अंशांवर आठ-दहा मिनिटे तापवल्या की शिरलेले पाणी निघून जाते आणि गार होताना चुरा पुन्हा कुरकुरीत होतो.

यापुढचा प्रयोग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर करावा. साखर लावलेल्या फोडी कढईसकट तोलाव्यात आणि कॉर्नफ्लोअर घालण्याआधी, आटल्यावर पुन्हा तोलाव्यात. दोन वजनांतला फरक म्हणजे वाफ होऊन गेलेले, खालच्या थरात कधीच न उतरणारे पाणी. किती आटवल्यावर आपल्या घरी वडी नीट सुटते, तो आकडा वहीत टिपून ठेवावा. उन्हाळ्यात आंबा किंवा थंडीत पेरू घेऊन याच वड्या करताना छापील कृतीपेक्षा तो आकडा अधिक उपयोगी पडेल.