देवाचे पूर्वज्ञान आणि माणसाचे उत्तरदायित्व: काही गैरसमज

रत्नागिरी जिल्ह्यातील प्रॉटेस्टंट मिशनांचा इतिहास बव्हंशी एकाच धर्मपरंपरेचा आहे. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट येथे १८२३ मध्ये काम सुरू करणारे स्कॉटिश मिशनरी आणि १८७३ मध्ये रत्नागिरीत ठाणे उभारणारे अमेरिकन प्रेस्बिटेरियन हे दोघेही, देवाने सारे आधीच ठरविले आहे असे मानणाऱ्या जॉन कॅल्व्हिनच्या विचारांत वाढलेले होते आणि १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीला, म्हणजे आपल्या पंथाच्या श्रद्धाविषयक जाहीरनाम्याला, प्रमाण मानणारे होते. त्यामुळे देवाला पुढचे सारे ठाऊक असेल तर माणसाच्या पापाचा जाब त्याला का विचारावा, हा प्रश्न येथे आला तो त्याच्या सर्वांत अवघड रूपात, आणि त्याभोवतीचे गैरसमजही तसेच जमत गेले.

त्यांपैकी पहिला गैरसमज असा की, ख्रिस्ती धर्मातील देवाचे पूर्वज्ञान म्हणजे सटवाईने बाळाच्या कपाळी लिहिलेल्या लेखाचेच दुसरे रूप होय. सटवाईचा लेख घटना घडवितो, म्हणूनच तो टळत नाही. पूर्वज्ञान मात्र, बहुतेक ख्रिस्ती तत्त्वज्ञांच्या मते, घटनेला कारण होत नाही. संत ऑगस्टीनने याचे उत्तर स्मृतीच्या आधारे दिले: झालेली गोष्ट आठवल्याने ती घडण्याची सक्ती होत नाही, तशी होणारी गोष्ट देवाने जाणल्यानेही होत नाही. पुढे सहाव्या शतकात बोएथियसने असे मांडले की, देव काळाच्या ओघात उभा राहून पुढचे पाहत नाही, तर भूत, वर्तमान आणि भविष्य ही त्याच्यासमोर एकाच वेळी असतात, त्यामुळे ‘आधी जाणणे’ हा शब्दप्रयोगच माणसाच्या बाजूचा आहे. शुभवर्तमानात कोंबडा आरवण्यापूर्वी पेत्र आपल्याला तीनदा नाकारील, असे येशू त्याला आधीच सांगतो. तरीही दासीच्या एका प्रश्नाने घाबरून नाकारतो तो पेत्रच, आणि बाहेर जाऊन रडतोही तोच. भाकीत खरे ठरले म्हणून आपला दोष सरला, असे त्याला वाटत नाही.

दुसरा गैरसमज असा की, देवाला केवळ जे घडणार तेच ठाऊक असते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील तेविसाव्या अध्यायात कईला नगरात आश्रय घेतलेला दावीद देवाला विचारतो की, शौल राजा चालून येईल काय आणि नगरातील लोक मला त्याच्या हाती देतील काय. दोन्ही प्रश्नांना होकार मिळतो, म्हणून दावीद नगर सोडतो, शौल मोहीम थांबवितो आणि सांगितलेले दोन्हीही घडत नाही. अमुक परिस्थितीत अमुक माणूस स्वेच्छेने काय करील याच्या या ज्ञानाला स्पॅनिश जेझुइट लुईस दे मोलिना याने १५८८ च्या ग्रंथात ‘मध्यम ज्ञान’ म्हटले. त्यावरून जेझुइट आणि डॉमिनिकन या कॅथलिक धर्मसंघांत असा वाद पेटला की, दहा वर्षांच्या चौकशीनंतर १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निवाडा न देताच तो थांबविला, आणि निवाडा अद्यापही झालेला नाही.

सर्व ख्रिस्ती लोक पूर्वनियोजन, म्हणजे कोणाचे तारण व्हावे हे देवाने आधीच ठरविले आहे हे मत, सारख्याच अर्थाने मानतात, हीही चुकीची समजूत आहे. कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत, आदामाच्या पतनाने माणसाची स्वतंत्र इच्छा दुबळी झाली असली तरी नष्ट झालेली नाही, असे ठरविले. उलट वेस्टमिन्स्टर कबुलीनुसार देवाने पुढचे दिसले म्हणून काहीही ठरविलेले नाही, त्याचा संकल्पच आधीचा आहे. मात्र तोच मजकूर देव पापाचा कर्ता नाही आणि माणसाच्या इच्छेवर बळजबरी होत नाही, असेही ठामपणे सांगतो. ही दोन विधाने एकत्र कशी नांदतात, याचा उलगडा तेथे मिळत नाही. हे अवघडलेपण अमेरिकन प्रेस्बिटेरियनांनाही जाणवले असावे, कारण १९०३ मध्ये त्यांनी पुरवणी निवेदन जोडून, हा सिद्धान्त देवाच्या सर्व मानवजातीवरील प्रेमाशी सुसंगत रीतीनेच समजावा, असे स्पष्ट केले. पूर्वनियोजन मानणारा माणूस हातपाय गाळून बसतो, या समजाला तर रत्नागिरीतील ते मिशनरीच उत्तर होते: सारे ठरलेले मानणारेच समुद्र ओलांडून शाळा काढत होते आणि पश्चात्तापाचा उपदेश करीत होते.

खरी अडचण निराळी आहे, आणि ती नेमकी पकडली कोकणस्थ घराण्यातील नीळकंठ गोरे यांनी. काशीत वाढलेल्या या तरुण पंडिताने, जॉन म्यूरच्या, ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणाऱ्या ‘मतपरीक्षा’ या ग्रंथामुळे पेटलेल्या वादात १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहून असे मांडले की, पूर्वजन्मीचे कर्म न मानता जीव नव्याने निर्माण होतात असे म्हटले, तर त्यांच्या विषम सुखदुःखाचा दोष निर्मात्यावरच येतो. याला पूर्वज्ञानाची जोड दिली की आक्षेप अधिकच धारदार होतो, कारण जाणणे म्हणजे घडविणे नव्हे या उत्तराने माणूस पापाला जबाबदार राहतो खरा, पण ज्याचा नाश होणार हे ठाऊक होते त्याला निर्माण केले तरी का, हा प्रश्न देवाकडे वळतो. १८४८ मध्ये गोरे यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ या ग्रंथात त्यांनी अनादि कर्माच्या कल्पनेवरच टीका केली. तो तर्क मान्य केला, तरी त्याने कर्मसिद्धान्ताची अडचण तेवढी दिसते. त्यांच्या तरुणपणीच्या आक्षेपाचे उत्तर त्यातून मिळत नाही.