पान वाकते, माती तडकते : चित्रवहीमागचे विज्ञान



चित्रवही म्हटली की रंगपेटी, कुंचला आणि पाण्याची वाटी एवढेच डोळ्यांपुढे येते. पण नुसत्या रंगांवर न थांबता पानावर कापडाचा तुकडा, सुतळी, वाळलेले पान, वाळू, शेतातली माती असे काही चिकटवून केलेले चित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल, काहींनी केलेही असेल. अशा चित्राला मिश्र माध्यमातील चित्र म्हणतात. त्यावरून बोट फिरवले तर कुठे खरखरीत, कुठे मऊ, कुठे उंचवटा असे हाताला जाणवते. वस्तूच्या पृष्ठभागाच्या या गुणाला पोत म्हणतात.

असे चित्र करताना मोठी मौज वाटते. पण दुसऱ्या दिवशी वही उघडावी, तर पान द्रोणासारखे वाकलेले असते. मातीला भेगा पडून तिच्या खपल्या मांडीवर गळतात. आपण डिंकाला दोष देतो आणि आणखी डिंक लावतो. त्याने पान जास्तच वाकते. मग खरे कारण कोणते? ते शोधण्यासाठी लागणारे साहित्य घरात आणि शेतात मिळते. आणि जळगावच्या विद्यार्थ्यांना तर या प्रश्नाचे दीड हजार वर्षांपूर्वीचे उत्तर जेमतेम साठ किलोमीटरवर पाहायला मिळते. कुठे, ते पुढे पाहू. आधी पोत डोळ्यांना दिसतो कसा, ते समजून घेऊ.

पोत दिसतो कसा?

पोत हाताला कळतो हे खरे, पण चित्र आपण पाहतो डोळ्यांनी. डोळ्यांना पोत दिसतो तो सावल्यांमुळे. एक मिलिमीटर जाडीची सुतळी पानावर चिकटवा. प्रकाश पानाशी ४५ अंशांचा कोन करून आला, तर सुतळीची सावली साधारण एक मिलिमीटरच पडेल. तोच प्रकाश १० अंशांच्या कोनातून, म्हणजे जवळजवळ पानाला घासून आला, तर सावली साडेपाच मिलिमीटरांहून लांब होते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी त्रिकोणमितीच्या कोष्टकावरून हे ताडून पाहावे. रात्री खोलीतला दिवा मालवून पानाच्या कडेला विजेरी आडवी धरा. जे पान सपाट वाटत होते, त्यावर डोंगर-दऱ्या दिसू लागतील. जुन्या भित्तिचित्रांवर कुठे फुगवटा आला आहे, कुठे पापुद्रा सुटतो आहे, हे शोधण्यासाठी जाणकार असाच तिरपा प्रकाश वापरतात.

कागद पाणी पितो

आता वाकणाऱ्या पानाकडे वळू. कागद म्हणजे वनस्पतींच्या सूक्ष्म तंतूंची एकमेकांत गुंतलेली चटई होय. हे तंतू मुख्यतः सेल्युलोजचे असतात. सेल्युलोजला पाण्याचे फार आकर्षण असते. पाणी मिळताच तंतू फुगतो, पण सगळीकडे सारखा नव्हे. त्याची लांबी अगदी थोडी वाढते, जाडी मात्र त्याच्या अनेक पटींनी वाढते.

यंत्रावर कागद तयार होताना लगदा धावत्या जाळीवर पडतो. त्यामुळे बरेचसे तंतू जाळीच्या चालीच्या दिशेने आडवे होतात. म्हणून यंत्राच्या कागदाला ‘उभी’ आणि ‘आडवी’ अशा दोन दिशा असतात. जुने वर्तमानपत्र वरून खाली फाडा. ते बहुधा सरळ फाटते. आडवे फाडा, की वेडेवाकडे फाटते. आता त्याचाच दहा सेंटिमीटरचा चौरस कापून तो ताटातल्या पाण्यावर अलगद ठेवा. खालची बाजू ओली होऊन पसरते, वरची अजून कोरडी असते. त्यामुळे कागदाच्या दोन कडा वर उचलल्या जाऊन त्याची नळी होऊ लागते. नळी ज्या दिशेने लांब असते, तीच तंतूंची दिशा.

चित्रवहीत हेच घडते. तुम्ही पुठ्ठ्यावर खळ लावून रंगीत कागद चिकटवता, तेव्हा तो कागद ओला होऊन पसरलेला असतो. पसरलेल्या स्थितीतच तो पुठ्ठ्याला घट्ट बसतो. मग वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. खळ जितकी पातळ आणि भरपूर, तितकी ही ओढ मोठी. आणखी डिंक लावल्याने पान जास्त का वाकले, ते आता कळले ना?

पुस्तक बांधणारे कारागीर यावर एक साधा उपाय करतात. पुठ्ठ्याच्या एका बाजूस कागद लावला, की दुसऱ्या बाजूसही तसाच कागद, तंतूंची दिशा तीच ठेवून, लावतात. दोन्हीकडची ओढ सारखी झाली, की पुठ्ठा सरळ राहतो. शिवाय वाळेपर्यंत त्यावर वजन ठेवतात. तुम्हीही असेच करावे.

काळी माती का तडकते?

खानदेशच्या काळ्या कापसाच्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा तुम्ही पाहिल्याच आहेत. या मातीतल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांचे बनलेले असतात. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की माती फुगते, पाणी गेले की आक्रसते. हीच माती खळीत कालवून तुम्ही पुठ्ठ्यावर लावली, तर ती वाळताना आक्रसू पाहते, पण खालचा पुठ्ठा तिला धरून ठेवतो. मातीवर ताण येतो आणि ती तडकते.

पुढील प्रयोग करून पाहा. सारख्या मापाचे तीन जाड पुठ्ठे घ्या. एक चमचा मैदा आठ चमचे पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा आणि ढवळत मंद आचेवर शिजवून खळ करा. पिठातले स्टार्चचे कण साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगतात आणि मिश्रण एकदम दाट होते. पहिल्या पुठ्ठ्यावर चाळलेली काळी माती आणि खळ यांचा थर द्या. दुसऱ्यासाठी मातीत तितकीच बारीक वाळू घाला. तिसऱ्यासाठी माती, वाळू आणि शिवाय चिमूटभर बारीक कातरलेला गव्हाचा भुसा किंवा केळीचे तंतू घाला. तिन्ही थर सारख्याच जाडीचे हवेत. ते सावलीत वाळू द्या.

पहिल्यावर भेगांचे जाळे दिसेल. दुसऱ्यावर भेगा कमी असतील, कारण वाळू आक्रसत नाही आणि तेवढ्या प्रमाणात एकूण आक्रसणे घटते. तिसऱ्यावर भेग सुरू झालीच, तर ती लांब जात नाही. आडवे आलेले तंतू तिचे दोन काठ शिवणीच्या टाक्यांसारखे धरून ठेवतात. मातीच्या भिंती लिंपताना चिखलात भुसा आणि शेण का मिसळतात, याचे उत्तर या तिसऱ्या पुठ्ठ्यावर आहे.

दीड हजार वर्षे टिकलेले मिश्र माध्यम

आता त्या साठ किलोमीटरवरच्या उत्तराकडे जाऊ. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याची लेणी जळगावपासून एवढ्याच अंतरावर आहेत. तेथील सर्वांत जुनी चित्रे दोन हजार वर्षांपूर्वीची आणि बहुतेक इ. स. च्या पाचव्या शतकातील आहेत. ती थेट दगडावर रंगवलेली नाहीत. बेसॉल्ट खडकाची छिन्नीने खडबडीत राहिलेली भिंत, तिच्यावर मातीचा जाडसर थर, त्यावर बारीक मातीचा दुसरा थर, त्यावर चुन्याचा पातळ लेप आणि मग रंग अशी ही रचना आहे. मातीच्या थरांत दगडाची कच, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आढळतात. म्हणजे तो आपला तिसरा पुठ्ठाच झाला! रंगांतही तांबडी काव, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना अशी बहुतेक जवळपासची द्रव्ये आहेत. निळ्यासाठी मात्र लाजवर्द हा खडा वापरलेला आहे. तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींत मिळत असे.

असे असूनही अजिंठ्याची बरीच चित्रे नष्ट झाली आहेत. पावसाळ्यात ओल येते, उन्हाळ्यात थर कोरडे पडतात. खडक आणि माती यांचे फुगणे-आक्रसणे सारखे नसल्याने वर्षानुवर्षांत थर सुटत जातो. थराला बळकटी देणारे तूस आणि तंतू हे कीटकांचे खाद्यही ठरतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मॅनेजर सिंह आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ म. म. सरदेसाई यांनी २०१६ साली वेरूळच्या गिलाव्यावर संशोधन प्रसिद्ध केले. त्या गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे तंतू मिळाले. कीटकांचा उपद्रव तेथे अजिंठ्यापेक्षा कमी असण्याचे एक कारण हे तंतू असावेत, असे त्यांचे मत आहे.

माणसाच्या हातूनही हानी झाली. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आदी इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटणारे पापुद्रे भिंतीला पुन्हा बसवले हे खरे, पण चित्रांवर लाखेचे रोगणही दिले. त्या काळी ते योग्यच समजले जाई. पुढे हे रोगण पिवळे-तपकिरी पडले, त्यावर धूळ बसली आणि मूळ रंग झाकोळले. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते मोठ्या काळजीने उतरवावे लागले. तुम्हीही पान टिकावे म्हणून त्यावर चकचकीत रोगण फासण्याआधी एका वेगळ्या तुकड्यावर ते लावून वर्षभर थांबून पाहा.

फैजपूरचा मंडप आणि एरंडोलचा कागद

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी १९०९-१० च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर काही तरुण भारतीय चित्रकार आले होते. त्यांत नंदलाल बोस होते. पुढे डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. गांधीजींच्या सांगण्यावरून त्याची सजावट नंदलाल बोस यांनी केली, आणि तीही बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी! १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी ग्रामजीवनाची चित्रे हातकागदावर रंगवली.

हातकागद खानदेशाला नवा नव्हता. एरंडोल आणि यावल येथे होणाऱ्या देशी कागदाची नोंद जुन्या गॅझेटियरांत आहे. आपल्याकडच्या अशा कागदाला पिठाची खळ देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटत असत. खळीने तंतूंमधील फटी बुजतात आणि बोरूची शाई फुटत नाही. हातकागद करताना चौकट चारी बाजूंना हलवली, तर तंतू सर्व दिशांना विखुरतात. म्हणून हा कागद भिजल्यावर यंत्राच्या कागदापेक्षा अधिक समान पसरतो आणि मिश्र माध्यमाला चांगला उपयोगी पडतो.

तुम्ही तो शाळेत करू शकाल. रावेर-यावलकडे घड उतरवल्यावर केळीचे खोड टाकून दिले जाते. खरे पाहता ते खोड नव्हेच, तर एकात एक गुंडाळलेले पानांचे तळ आहेत आणि ते तंतूंनी भरलेले असतात. त्यांचे दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. लिटरभर पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून ते दोन-तीन तास उकळा. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे, कारण उकळते सोड्याचे पाणी कातडीला आणि डोळ्यांना इजा करते. सोड्यामुळे तंतूंना जोडणारे पदार्थ विरघळतात. तुकडे भरपूर पाण्याने धुऊन कुटा. भिजवलेल्या जुन्या वह्यांच्या लगद्यात ते मिसळा आणि हे मिश्रण मोठ्या टोपल्यातील पाण्यात ढवळा. लाकडी चौकटीवर डासांची जाळी ताणून बसवा, ती पाण्यात बुडवून सपाट वर उचला, हलवा, निथळू द्या. मग कापडावर पालथी घालून दाबा आणि वाळवा. डिंकाचा थेंबही न घालता हा कागद धरून राहतो, कारण पाणी उडून जाताना तंतू जवळ येतात आणि त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. मात्र जुने कपडे घालूनच कामाला बसा. केळीच्या चिकाचा डाग निघत नाही, हे तुमच्या घरी ठाऊक असेलच.

पान करताना

पाया नेहमी जड ठेवा आणि वर हलके थर द्या. एक थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्या. खळ दाट आणि थोडी वापरा. पाने व फुले रद्दीत दाबून पूर्ण वाळवूनच लावा, नाहीतर आतील ओलीमुळे बुरशी येते. खळीवर कसर लवकर येते, म्हणून वही कोरड्या जागी ठेवा.

शेवटचा प्रयोग लांबणीचा आहे. मे महिन्यात, जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात असताना, एकाच चित्राची तीन पाने करा. एक यंत्राच्या कागदावर, एक हातकागदावर आणि एक मागून दुसरा कागद लावलेल्या पुठ्ठ्यावर. प्रत्येकाच्या मागे तारीख, साहित्य आणि प्रमाण लिहा. पान टेबलावर ठेवून त्याच्या चारी कोपऱ्यांची टेबलापासूनची उंची पट्टीने मोजा. आषाढातल्या दमट हवेत पुन्हा मोजा आणि दिवाळीनंतर तिसऱ्यांदा. कोणत्या पानाचे आकडे सर्वांत कमी बदलले? तुमची पुढची चित्रवही त्याच कागदाची बांधा.