रान तोडणारे की रान लावणारे?

आफ्रिकेच्या नकाशावर गिनी देश शोधायचा तर अटलांटिकच्या काठाकाठाने सेनेगलवरून खाली उतरावे आणि सिएरा लिओन लागण्यापूर्वी थांबावे. मालीला आणि नायजरला पाणी पाजून नायजेरियात समुद्राला मिळणारी ती प्रचंड नायजर नदी याच देशाच्या डोंगरांत उगम पावते. देशाच्या आग्नेय भागात किसिदुगू नावाचा जिल्हा आहे. किसी आणि कुरांको हे तिथले मुख्य लोक. दृश्य मोठे विलक्षण! दूरवर उंच गवताचा माळ, त्यात तुरळक झाडे, आणि मध्येच गर्द झाडीची गोल बेटे उठलेली. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, आत जनावरांखेरीज कोणी नसेल. पण वाट धरून आत शिरले की बेटाच्या पोटात गाव सापडते. घरे, कोंबड्या, मुलेबाळे, सगळे काही!

हे पाहून पाहुण्याने काय अनुमान काढावे? फ्रेंच अमलदारांनी आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनी काढले ते असे: एके काळी हा सगळा मुलूख घनदाट अरण्याने झाकलेला होता, लोकांनी शेतीसाठी तो तोडला, जाळला, गावाभोवती उरली ती शेवटची शिल्लक. ओग्युस्त शेवालिए हा नामांकित फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ १९०९ च्या सुमारास या भागात हिंडला, तेव्हापासून ही हाकाटी चालू आहे. अरण्य गेले की पाऊस जाईल, पाऊस गेला की नायजर आटेल, ही भीती तिच्या पाठोपाठ आलीच.

आणि भीतीच्या पाठोपाठ कायदे आले. झाड तोडण्यावर बंदी, आग लावण्यावर बंदी, दंड, परवाने. १९५८ साली गिनी स्वतंत्र झाला. साहेब गेला, पण त्याचा समज मागे राहिला. सेकू तुरे यांच्या राजवटीत, १९७० नंतरच्या दशकात, रानाला आग लावणाऱ्याला देहदंड सांगितलेला होता. पुढे परदेशी मदतीच्या योजना आल्या, त्यांच्याही अहवालांत तेच पहिले वाक्य.

१९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जेम्स फेअरहेड आणि मेलिसा लीच हे दोन ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ किसिदुगूला गेले. गिनीचे सहकारी बरोबर घेऊन ते खेड्यांत राहिले. त्यांनी केले ते इतके साधे, की आधी कोणाला कसे सुचले नाही याचेच मला नवल वाटते. १९५२ च्या सुमारास फ्रेंचांनी विमानातून काढलेली छायाचित्रे त्यांनी मिळवली आणि १९८९ नंतरच्या उपग्रहाच्या चित्रांशी ताडून पाहिली. रान घटत चालले असेल तर जुन्या चित्रांत बेटे मोठी दिसायला हवीत. ती बहुतेक ठिकाणी तेवढीच होती, आणि कित्येक ठिकाणी तर नव्या चित्रांत अधिक मोठी! मग त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची लष्करी कागदपत्रे काढली. त्यांतही अखंड अरण्य नव्हते. गवताचेच वर्णन होते. गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारले, तर ते सांगू लागले की आमचे पूर्वज आले तेव्हा इथे माळ होता, झाडी मागून आली.

मागून म्हणजे कशी? इथेच खरी मौज आहे. उन्हाळ्यात या माळावर वणवा पेटतो आणि कोवळे रोप जगू देत नाही. पण गाव वसले की शाकारणीसाठी आणि कुंपणासाठी भोवतीचे गवत कापले जाते, गुरे चरतात, आणि आगीला खायला काही उरत नाही. त्यातूनही धोका नको म्हणून गवत पुरते वाळण्याआधीच लोक हलकी आग लावून एक पट्टा मोकळा करून ठेवतात. ज्या आगीसाठी सरकार शिक्षा सांगत होते ती हीच! परसात खणलेली माती, चुलीची राख, केरकचरा यांनी जमीन कसदार होते; मग बी आपोआप रुजते. काही झाडे मुद्दाम लावलेली. आपल्या पांढऱ्या सावरीच्या जातीचे झाड तिथे आहे. त्याचे खुंट कुंपणाला पुरले की फुटून वाढतात. लढायांच्या काळात अशा झाडांची तटबंदीच होई, शत्रूला गाव दिसतही नसे. पुढे लढाया संपल्या, तटाचे काम संपले. पण विसाव्या शतकात कॉफी आली आणि तिला सावली हवी म्हणून रानाची निगा चालूच राहिली.

माणसे वाढली की रान घटते, हा आपला ठरलेला हिशेब. इथे गाव नसते तर रानही नसते. कोकणातल्या देवराईशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती देवाच्या धाकाने राखलेली. ही तर चुलीच्या राखेवर उठलेली.

मग गावकरी गप्प का बसले? शाळेत मुलांना अरण्यनाशाचाच धडा होता. चौकशीला आलेला पाहुणा उत्तर मनात घेऊनच येई. त्याला ‘नाही हो, उलट आहे’ म्हणणे अदबीला धरून नव्हते, आणि होकार दिला तर गावाला चार पैशांची योजना मिळण्याचा संभव होता. असे दोन्ही बाजूंनी एक खोटे पोसले गेले.

१९९६ साली केंब्रिजने त्यांचा ग्रंथ छापला आणि विद्वानांत बराच वाद झाला. किसिदुगूवरून साऱ्या आफ्रिकेचा निवाडा करू नये, असे काहींनी बजावले. ते मला पटते. शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये कोकोच्या मळ्यांपायी अफाट जंगल खरोखरच नाहीसे झाले आहे. तिथे कुऱ्हाडीला निर्दोष ठरवून चालणार नाही. पण किसिदुगूच्या शेतकऱ्याने आयव्हरी कोस्टचा दंड का भरावा?

या जोडीचे काम पुढेही चालू राहिले. लायबेरिया आणि घाना येथील जुन्या वस्त्यांभोवती काळ्याभोर, सुपीक मातीचे पट्टे आहेत. २०१६ साली इतर शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आसपासच्या मातीपेक्षा या मातीत सेंद्रिय कार्बन दोनशे ते तीनशे टक्के अधिक भरला. ती बनते राख, कोळसा, हाडे आणि स्वयंपाकघरातला कचरा यांतून. पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या भरभरून हा केर घरामागे नेऊन टाकणाऱ्या बायकांची नोंद कोणत्याच अमलदाराच्या दप्तरात नाही.